जुने संगणक शोधणं, दुरुस्त करणं आणि सांभाळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना संगणक हाती लागला की पहिल्या काही आठवड्यांत पडणारे प्रश्न साधारण सारखेच असतात. उत्तरं आपल्याकडचा पावसाळा, २३० व्होल्टची वीज आणि इथे काय मिळतं हे धरून दिली आहेत. घाई असेल तर बाकीचं नंतर वाचा, पण पहिलं उत्तर वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

माळ्यावर जुना संगणक सापडलाय. लावून बघू का?

नको. आधी झाकण उघडा.

वीस-तीस वर्षं बंद असलेल्या मशीनमध्ये सगळ्यात धोक्याचा भाग पॉवर सप्लाय. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठतं. कपॅसिटर कोरडा पडलेला असेल तर तो ते पेलत नाही. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच सप्लायमध्ये, बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकासकट, मेन्सच्या तोंडाशीच रिफा कंपनीचा पिवळसर पारदर्शक वेष्टनाचा फिल्टर कपॅसिटर असतो. त्या वेष्टनाला बारीक भेगा जातात, दमट हवा आतल्या कागदात मुरते आणि वीज मिळाली की काही मिनिटांत तो फुटून खोलीभर धूर करतो. त्यातून मशीन बहुधा वाचतं, पण तो वास पडद्यांतून लवकर जात नाही. त्याच मूल्याचा, एक्स-२ वर्गाचा, २७५ व्होल्टचा नवा कपॅसिटर काही रुपयांत मिळतो. भेगा दिसोत न दिसोत, तो बदलूनच टाका.

मग बोर्ड बघा. बॅटरी गळली आहे का (याचं वेगळं उत्तर खाली आहे), पालीची अंडी, झुरळं, उंदराच्या लेंड्या आहेत का. उंदराचं मूत तांब्याच्या रेषा खातं आणि त्याचा डाग साध्या धुळीसारखाच दिसतो.

यानंतर सप्लाय बोर्डापासून सोडवा आणि एकटाच तपासा. जुन्या एसएमपीएसना (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायना) थोडा लोड लागतो, नुसते चालू केले तर ते व्होल्टेज देत नाहीत. १२ व्होल्टच्या रेषेवर गाडीचा एखादा दिवा आणि ५ व्होल्टवर एखादा जाड वॅटेजचा रेझिस्टर लावला की भागतं. ५ व्होल्टची रेषा ४.७५ ते ५.२५ च्या आत असली तरच बोर्ड जोडायचा. जुन्या एटी सप्लायचे मदरबोर्डला जाणारे दोन जोड असतात, पी-८ आणि पी-९. ते लावताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्यभागी शेजारी-शेजारी यायला हव्यात. उलटे लावले तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

सिरीज दिवा लावून चालवलं तर चालेल?

चालेल, आणि लावावाच. कोणताही जुना इलेक्ट्रिशियन हेच करतो. फक्त दिवा तारेचा हवा, एलईडी नको. आत शॉर्ट असेल तर दिवा भगभगीत पेटून राहतो. ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. ६० वॉटच्या दिव्यावर काही एसएमपीएस चालू-बंद, चालू-बंद करत राहतात. तो बिघाड नसतो, १०० वॉटचा लावून बघा. आणि प्लगला अर्थिंग खरंच आहे ना ते आधी तपासा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या भोकात वायर पोचलेलीच नसते.

बॅटरीचं एवढं काय?

२८६, ३८६ आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरच्या पीसींच्या बहुतेक बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटशेजारी बोटाच्या पेराएवढी, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनाची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. घड्याळ आणि सेटिंग टिकवायला ती दिलेली. काही वर्षांनी ती गळते. आतला द्रव अल्कली आहे, आणि तो बोर्डावर नुसता पडून राहत नाही तर तांब्याच्या रेषांच्या कडेकडेने सोल्डर मास्कखाली सरकत जातो. वरून बघाल तर बॅटरीभोवती हिरवट-निळी पावडर आणि काळवंडलेल्या दोन-तीन रेषा. भिंगातून बघाल तर कीबोर्ड कंट्रोलरच्या पायांपर्यंत हिरवा गंज पोचलेला असतो आणि शेजारच्या आयएसए स्लॉटच्या (जादा कार्ड बसवायच्या जुन्या खाचेच्या) पिनाही काळ्या पडलेल्या असतात. 'कीबोर्ड एरर' दाखवणाऱ्या जुन्या बोर्डात खोट बहुधा इथेच निघते.

उपाय असा. बॅटरी कापून काढा, अगदी आज, बोर्ड चालू करणार नसलात तरी. जागेवर पांढरं व्हिनेगर जुन्या टूथब्रशने लावा. बुडबुडे थांबले की डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मग पंख्याखाली दोन दिवस. काळ्या रेषा फायबरग्लास पेनने खरवडून उघड्या करा आणि मल्टीमीटरच्या बीपवर एकेक तपासा. जी तुटली असेल तिथे बारीक इनॅमल वायरची जोडणी द्या. नवी बॅटरी पुन्हा त्याच जागी सोल्डर करू नका. बऱ्याच बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा जोड आणि त्याचा जंपर दिलेला असतो. तिथे तीन पेन्सिल सेलचा होल्डर लांब वायरीने जोडा आणि तो बोर्डापासून दूर, कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवा. पुन्हा गळती झालीच तर ती पत्र्यावर होईल.

कमोडोरच्या अमिगा २००० आणि ५०० प्लस या संगणकांतही हीच बॅटरी, हाच रोग. नव्वदच्या दशकातल्या मॅकिंटॉशमध्ये अर्ध्या पेन्सिल सेलएवढी लिथियमची बॅटरी असते. ती फुटली की पत्र्याच्या चौकटीपर्यंत सगळं गंजवते. सीआर-२०३२ हे चपटं नाणं मात्र निरुपद्रवी, त्याची काळजी नको.

सुरुवात कुठल्या मशीनपासून करावी?

पेंटियम-टू किंवा थ्री, विंडोज ९८ चं. याला 'व्हिंटेज' म्हणायला जुनी मंडळी नाकं मुरडतील, पण सुटे भाग मिळतात, आयडीई डिस्क (रुंद पट्टीच्या केबलची जुनी हार्ड डिस्क) आजही नीट वाचता येते आणि पुढे ३८६ हाती आला तर त्याच्यासाठी फ्लॉपी बनवायला हेच मशीन कामाला येतं. त्याच्या बोर्डावर प्रोसेसरच्या आसपासचे कपॅसिटर माथ्यावर फुगलेत का एवढं बघा. २००० सालाच्या आगेमागे खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभर पसरले होते, त्या काळातले बोर्ड त्यानेच मेले.

स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, अमिगा ही जुनी घरगुती मशीनं दुसरी पायरी. आयबीएमचा मूळ ५१५० पीसी, म्हणजे ऑगस्ट १९८१ चा, ४.७७ मेगाहर्ट्झचा, मिळाला तर घ्या, पण त्याच्यावर सोल्डरिंग शिकू नका.

हे मिळतं कुठे?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात, अख्खी मशीनं क्वचित. चोरबाजारात कधीमधी. पुण्यात जुन्या बाजारात रविवार-बुधवार फेरी मारायची, आणि आयसी, सॉकेट, सोल्डर वायर यांसाठी तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर. पण खरं घबाड दुकानात नसतंच. ते असतं बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पोटमाळ्यावर, छापखान्यात, सहकारी पतसंस्थेच्या रेकॉर्ड रूममध्ये, कॉलेजच्या 'डेड स्टॉक'मध्ये. डेड स्टॉक कायदेशीर लिलावातूनच बाहेर पडतो, म्हणून शिपायाच्या ओळखीने उचलून आणू नका, पावती घ्या.

भागातल्या भंगारवाल्याशी ओळख ठेवा. त्याला 'व्हिंटेज कॉम्प्युटर' सांगून उपयोग नाही. 'जाड कीबोर्ड, मोठ्या फ्लॉपीची फट असलेला डबा, काळ्या-हिरव्या स्क्रीनचा मॉनिटर' असं सांगा आणि किलोच्या भावापेक्षा थोडं जास्त द्या. सोनं काढायला बोर्ड घेणारे व्यापारी त्याच्याकडे आधीच येऊन जातात, तुमची स्पर्धा त्यांच्याशी आहे.

भारतात बनलेली कोणती मशीनं शोधण्यासारखी आहेत?

माझा क्रम असा. पहिलं एससीएल युनिकॉर्न. शाळांमध्ये संगणक नेण्यासाठी १९८४ मध्ये 'क्लास' नावाची सरकारी योजना सुरू झाली. तिच्यासाठी ब्रिटनचा बीबीसी मायक्रो निवडला गेला आणि पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवाना घेऊन तो युनिकॉर्न या नावाने इथे बनवला. त्याच कंपनीचा चिप कारखाना १९८९ मध्ये आगीत जळाला. आत २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, ३२ के मेमरी आणि बेसिक या प्रोग्रामिंग भाषेची उत्तम आवृत्ती.

दुसरं डीबी स्पेक्ट्रम प्लस. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लसचा परवाना घेऊन डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो भारतात विकला. आज पन्नाशीत असलेल्या बऱ्याच जणांनी पहिलं बेसिक त्यावर लिहिलं.

मग एचसीएलचा बिझीबी, विप्रो आणि झेनिथचे पीसी. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली आणि ही मशीनं कार्यालयांत दिसू लागली. तांत्रिकदृष्ट्या ती आयबीएमसारखीच, त्यामुळे परदेशी संग्राहकांना त्यांचं अप्रूप नाही. आपल्याला असायला हवं. पुढची नावाची पट्टी, मॅन्युअल, खरेदीची पावती, इन्स्टिट्यूटची पावतीपुस्तकं हे सगळं जपा. कॅबिनेट सापडतात, कागद वाळवीच्या पोटात जातात.

आणि जिस्ट कार्ड?

हे वेगळंच प्रकरण आहे, आणि माझ्या मते मराठी माणसाने सगळ्यात आधी शोधावं असं हार्डवेअर हेच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने पुढे नेलं. त्यातून जिस्ट नावाचं आयएसए स्लॉटमध्ये बसणारं कार्ड आलं. डॉसवरच्या प्रोग्रामला वाटायचं आपण साधा मजकूर दाखवतोय, आणि पडद्यावर देवनागरी उमटवायचं काम कार्ड करायचं. म्हणून वर्डस्टारमध्ये मराठी पत्र आणि डीबेसमध्ये मराठी याद्या शक्य झाल्या. भंगारात हे कार्ड नेहमीच्या डिस्प्ले कार्डासारखं दिसतं आणि वितळवायला जातं. जुना कार्यालयीन पीसी घेताना स्लॉटमध्ये काय काय आहे ते एकेक काढून बघा.

जुन्या फ्लॉपीत मराठी मजकूर आहे, उघडल्यावर भलतीच चिन्हं दिसतात. गेला का तो?

गेलेला नाही. पण कुठल्या पद्धतीने लिहिलाय ते आधी ओळखावं लागतं, आणि तोवर ती फाइल वर्डमध्ये उघडून 'सेव्ह' करू नका. मूळ फाइलची जशीच्या तशी प्रत करून ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा.

दोन मोठे प्रकार आहेत. जिस्टवर लिहिलेला मजकूर बहुधा इस्कीत असतो. इस्की हे १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झालं. त्यात अक्षरांना ठरलेले क्रमांक आहेत. 'क' म्हणजे १७९, 'ख' १८०, 'ग' १८१, आणि हलन्त २३२ (हेक्समध्ये B3, B4, B5 आणि E8). हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) फाइल उघडून हे आकडे पुन्हा पुन्हा दिसले तर अर्धी लढाई जिंकली. इस्कीत वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर येते, आणि युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीवरूनच आखलेला आहे. त्यामुळे रूपांतर जवळपास सरळ होतं. थोडं पायथॉन येणाऱ्याला एका संध्याकाळचं काम. नुक्ता आणि इंग्रजी मजकुरात घुसलेली खास चिन्हं तेवढी हाताने बघावी लागतात.

दुसरा प्रकार फॉन्टचा. श्रीलिपी, आकृती आणि त्या काळातले इतर विंडोजवरचे फॉन्ट. यात फाइलमध्ये अक्षर नसतं, अक्षराचा तुकडा असतो. अर्धा 'क' वेगळा, काना वेगळा, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी. एकाच आकड्याला एका फॉन्टमध्ये 'द्य' आणि दुसऱ्यात रफार. म्हणून फाइलीबरोबर तो नेमका फॉन्टही जपायचा, शक्यतो ज्या मशीनवर ती लिहिली त्यातूनच काढलेला. फॉन्ट असेल तर मजकूर निदान बघता आणि छापता येतो आणि तक्ता बनवून रूपांतरही होतं. फॉन्ट नसेल तर कोड्यासारखं एकेक अक्षर लावत बसावं लागतं.

गावोगावच्या दिवाळी अंकांचे मजकूर, संस्थांची इतिवृत्तं, पोथ्यांच्या नकला, शब्दकोशांची कामं त्या दहा-पंधरा वर्षांत याच फाइलींत लिहिली गेली. छापील प्रत नसेल तर फ्लॉपीतली हीच एकमेव. म्हणून माझा नियम ठरलेला आहे: मशीनची रंगरंगोटी नंतर, आधी डिस्क वाचा.

फ्लॉपीवर पांढरे ठिपके आहेत.

बुरशी. मुंबई-कोकणातल्या फ्लॉपीला ती धरतेच. तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. हेड घाण होतं, चकती खरवडली जाते आणि पुढची चांगली फ्लॉपीही त्यातच जाते. सव्वापाच इंचीची चकती फटीतून हळूहळू फिरवत दोन्ही बाजू तपासा. थोडेच ठिपके असतील तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल घेऊन, अजिबात जोर न लावता पुसा. जास्त असतील तर वेष्टनाची वरची कड ब्लेडने उघडून चकती बाहेर काढा, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सावलीत वाळवा आणि चांगल्या स्थितीतल्या फालतू फ्लॉपीच्या वेष्टनात घालून वाचा. मास्क घाला. दर दोन-तीन फ्लॉपींनंतर हेड पुसा.

वाचायला ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड घ्या. ते जुना ड्राइव्ह यूएसबीला जोडतं आणि चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, त्यामुळे फॉरमॅट कुठलाही असो, निदान प्रतिमा (चकतीची हुबेहूब प्रत) हाती राहते. एक सावधगिरी: ३६० के च्या फ्लॉपीवर १.२ एमबीच्या ड्राइव्हने काहीही लिहू नका. त्याची पट्टी अरुंद असते, आणि ती फ्लॉपी मग मूळ ३६० के च्या ड्राइव्हला धड वाचता येत नाही. वाचायला हरकत नाही.

हार्ड डिस्क फिरते पण वाचत नाही.

आयडीई डिस्क असेल तर आधी बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे बघा. बॅटरी मेल्यावर ते पुसले जातात. डिस्कच्या लेबलवर छापलेले असतात, तेच भरा. नव्या यूएसबी जोडण्यांना १०० एमबीच्या आतल्या जुन्या डिस्क बऱ्याचदा ओळखता येत नाहीत, तिथे वर सांगितलेला पेंटियम उपयोगी. त्यावर लिनक्स चालवून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण प्रतिमा काढा. एमएफएम डिस्क (आयडीईच्या आधीच्या पद्धतीची), म्हणजे एसटी-२२५ सारखी २० एमबीची, ज्या कंट्रोलर कार्डाने फॉरमॅट झाली त्याच्याबरोबरच ठेवा. दोघांची ताटातूट केलीत तर बसाल शोधत. प्रतिमा निघाली की रोजच्या वापराला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावा आणि जुन्या डिस्कला निवृत्त करा.

स्पेक्ट्रम लावला तर नुसते रंगीत पट्टे दिसतात.

बहुतेक वेळा खालची १६ के मेमरी किंवा तिला वीज देणारं सर्किट. मूळ १६ के आणि ४८ के च्या बोर्डावर, आणि प्लसच्या आतही तोच बोर्ड आहे, ४११६ जातीच्या आठ आयसी असतात आणि त्यांना तीन व्होल्टेज लागतात. मल्टीमीटरचं काळं टोक ग्राउंडला लावून कुठल्याही एका ४११६ वर बघा: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. उणे ५ गायब असून १२ येत असेल तर लगेच बंद करा, त्या अवस्थेत या आयसी मरतात. १२ आणि उणे ५ दोन्ही नसतील तर कॉइलशेजारचे टीआर-४ आणि टीआर-५ हे ट्रान्झिस्टर तपासा. पहिला संशयित टीआर-४.

तिन्ही व्होल्टेज ठीक असतील तर बोट लावून बघा. शॉर्ट झालेली आयसी शेजारणींपेक्षा चटकन तापते. ती काढताना पाय कापून एकेक सोडवा. जुन्या बोर्डाचे पॅड फार नाजूक, आयसी वाचवायच्या नादात पॅड उखडतो. नवीन थेट सोल्डर न करता सॉकेट बसवा.

सप्लायबद्दल एक: स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन ऋण असते. बाजारातले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. आणि काही कळा चालत नसतील तर बोर्डाला दोष देऊ नका. कीबोर्डखालच्या मेंब्रेनच्या पट्ट्या सॉकेटपाशी वाळून तुटतात. नव्या मेंब्रेन ब्रिटनमधून येतात.

कॅसेट नाहीत. प्रोग्राम कसे भरायचे?

फोनमधून. टीझेडएक्स फाइल (जुन्या कॅसेटची संगणकीय प्रत) वाजवणारी ॲप आहेत. हेडफोनच्या भोकातून मशीनच्या 'इअर' सॉकेटला वायर द्या, आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका. लोड होताना व्हॉट्सॲपची एक टिंग आली तरी चार-पाच मिनिटं वाया. कडेला लाल-निळसर जाड पट्टे आले म्हणजे सूर पकडला, निळे-पिवळे बारीक पट्टे धावायला लागले म्हणजे मजकूर आत जातोय.

हत्यारं कोणती लागतील?

२५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, फ्लक्स, सोल्डर ओढायचा पंप, बीप देणारा मल्टीमीटर, भिंग, आयसोप्रोपाइल. मल्टीमीटरवर काटकसर करू नका. दोन-तीन वर्षं टिकलात तर तापमान नियंत्रित स्टेशन आणि ईप्रॉम (प्रोग्राम साठवणारी, पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप) वाचायला-लिहायला प्रोग्रामर घ्या. ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवरचं लेबल कुतूहलाने काढू नका. अतिनील प्रकाशाने आतला मजकूर पुसला जातो. हाती आलेल्या प्रत्येक ईप्रॉमची आधी प्रत काढा.

सगळे कपॅसिटर सरसकट बदलावेत का?

इथे दोन तट आहेत. माझं मत: नाही. पॉवर सप्लायमधले बदला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरचे आणि नव्वदच्या दशकातले पृष्ठभागावर चिकटवलेले इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे मॅक एसई/३०, अमिगा ६०० आणि १२०० मधले, गळतातच. ते गळण्याआधी बदला. बाकीचे चालत असतील तर चालू द्या. चांगला कपॅसिटर काढून ओळख नसलेल्या कंपनीचा स्वस्त लावण्यात शहाणपण नाही, आणि दरवेळी बोर्ड तापवला की पॅड थोडा सैल होतोच. घेताना १०५ अंशांचे घ्या.

प्लॅस्टिक पिवळं पडलंय. पेरॉक्साइडने पांढरं करतात म्हणे?

करतात. हायड्रोजन पेरॉक्साइड (केमिस्टकडे ६ टक्क्यांचं, पार्लरच्या सामानात १२ टक्क्यांपर्यंत क्रीमच्या रूपात) आणि ऊन. पिवळेपणाला बहुधा प्लॅस्टिकमध्ये आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमिनची संयुगं जबाबदार धरली जातात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात काम लवकर होतं, पण त्याच उन्हात पातळ झाकण वाकतंही. क्रीम सगळीकडे सारखं राहिलं नाही तर चट्टे पडतात आणि ते मात्र कायमचे. हातमोजे, चष्मा घाला. अंधारात ठेवलं तरी काही वर्षांत पिवळेपणा परततो. मी साबणाच्या पाण्यावर थांबतो.

पावसाळ्यात कसं सांभाळायचं?

बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, जमिनीवर नकोच. मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं तर आतली ओल आतच राहते. सुती चादर बरी. फ्लॉपी, कॅसेट, मॅन्युअल मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलबरोबर ठेवा. ते गुलाबी झालं की मंद आचेवर तापवून पुन्हा निळं होतं, पण स्वयंपाकाची कढई वापरू नका. डांबरगोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडून चिकट होतं. महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक मशीन अर्धा तास चालवा. तेवढ्या उबेने ओल जाते आणि बिघाड वेळेत कळतो.

जुना मॉनिटर उघडू का?

शिकवणारं कुणी शेजारी नसेल तर नको. पिक्चर ट्यूबवर दहा ते पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. शहरात एखादा तरी जुना टीव्ही मेकॅनिक असतो. त्याच्याकडे न्या आणि तो करत असताना बघा. त्या पिढीकडून शिकून घ्यायचं तर आत्ताच.

एम्युलेटरवर सगळं चालतंच की. मग हा खटाटोप कशाला?

खेळ खेळायचे असतील तर एम्युलेटर (नव्या संगणकावर जुन्याची नक्कल करणारा प्रोग्राम) पुरे. पण जिस्ट कार्ड, एखादा विचित्र कंट्रोलर, बुरशी धरलेली फ्लॉपी यांना एम्युलेटरचा उपयोग नाही. आणि एम्युलेटर लिहिणाऱ्यांनाही मूळ मशीनवर ताडून बघावंच लागतं.

जुनं सॉफ्टवेअर उतरवून घेणं कायदेशीर आहे?

कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाही. भारतीय कायद्यात प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो, आणि त्याची मुदत मोठी आहे. स्वतःकडच्या कायदेशीर प्रतीचा बॅकअप घ्यायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. काही मालक उदार असतात: स्पेक्ट्रमचे हक्क असलेल्या ॲमस्ट्रॅडने एम्युलेटरसोबत रॉम वाटायला परवानगी दिली, हक्क स्वतःकडे ठेवून.

परदेशातून मागवू का?

अख्खं मशीन शक्यतो नको. वापरलेल्या संगणकांची आयात आपल्याकडे खुली नाही, पार्सल कस्टममध्ये अडकतं. नातेवाईक घेऊन येणार असतील तर अमेरिकेतल्या मशीनच्या सप्लायमागचा लाल खटका ११५ वरून २३० वर केल्याशिवाय लावू नका. खटका नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. अमेरिकन घरगुती मशीनचं चित्र एनटीएससी (अमेरिकन टीव्हीच्या) पद्धतीचं असतं, आपल्या जुन्या टीव्हीवर ते काळं-पांढरं किंवा घसरणारं दिसू शकतं. सुटे भाग, मेंब्रेन, बोर्ड मागवायला हरकत नाही.

घरचे म्हणतात, भंगार घरात नको.

रास्त आहे. एक कपाट ठरवा आणि नवीन आणताना त्यातलं एक बाहेर काढा.

नको असलेली मशीनं कुठे द्यायची?

आधी डिस्क काढून घ्या. दुसऱ्याच्या पतसंस्थेचे खातेदार त्यात असू शकतात. चालणारं मशीन दुसऱ्या छांदिष्टाला द्या, सोबत केलेल्या दुरुस्त्यांची चिठ्ठी कॅबिनेटच्या आत चिकटवून. न चालणाऱ्यातून सॉकेटमधल्या आयसी, कीबोर्डच्या कळा, स्क्रू, फ्लॉपी ड्राइव्ह काढून ठेवा. उरलेलं नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे, आणि कापलेल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वेगळ्या पिशवीत, 'कॅडमियम' असं लिहून.